एरर कोण बोलतंय ते आधी ओळखा: बिल्ड प्रोसेस, मोंढ्यातल्या पट्टीच्या उदाहरणाने

अंबाजोगाईहून भाच्याचा फोटो आला. लॅपटॉपच्या पडद्याचा, मोबाईलने काढलेला, अर्धा ट्यूबलाइटच्या चकाकीत गेलेला. खाली लिहिलेलं, "मामा, बिल्ड होईना गेलंय." फोटोत एकच ओळ वाचता येत होती:

कलेक्ट२: एरर: एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस

मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमालाने येऊन "मुनीमजी नाही म्हणाले" एवढंच सांगावं आणि निघून जावं, तशी ही ओळ. का नाही म्हणाले, ते तिच्या वरच्या ओळीत असतं. वरची ओळ फोटोत नव्हती. मी त्याला फोन लावला, आणि तासाभराच्या त्या बोलण्यातून हा लेख झाला. ज्यांनी कॉलेजात किंवा यूट्यूबवर बघून सी भाषेत चार प्रोग्राम लिहिलेत, पण 'रन'चं हिरवं बटण दाबल्यावर आत काय होतं ते कुणी दाखवलेलं नाही, त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'बिल्ड' नावाचं एकच काम नसतंच. एकामागून एक बसलेली चार माणसं आहेत: प्रीप्रोसेसर, कंपायलर, असेंबलर आणि लिंकर. प्रोग्राम चालवताना पाचवा येतो, लोडर. आणि या सगळ्यांकडून काम करून घेणारा मुकादम म्हणजे मेक. प्रत्येकाची तक्रार करायची भाषा वेगळी आहे. एरर आली की ती आधी कुणाची आहे ते ओळखायचं, दुरुस्ती नंतर. नवीन मुलं नेमकं उलट करतात. लिंकर बोंबलत असतो आणि ही सेमीकोलन शोधत बसतात.

तयारी

उबुंटू किंवा डेबियन असेल तर टर्मिनल उघडून एवढं पुरे:

सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल

यात जीसीसी (सी चा कंपायलर; पुढचे चारही टप्पे याच कमांडने होतात), मेक आणि सी लायब्ररीच्या हेडर फायली एकदम येतात. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबुंटू घ्या. लॅपटॉपच नसेल, आणि आपल्याकडे अशी मुलं कमी नाहीत, तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स टाकून 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग मेक' केलं तरी यातलं बहुतेक सगळं करता येतं. फक्त जीसीसीच्या जागी क्लँग टाइप करायचं. संदेशांचे शब्द थोडे बदलतील, टप्पे तेच.

इथे कमांड आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगतो, कारण लिनक्सला छोटा एस आणि मोठा एस ही दोन वेगळी माणसं वाटतात.

तीन फायलींचा प्रोग्राम

'हॅलो वर्ल्ड'वर बिल्ड शिकता येत नाही. एकच फाइल असली की जोडायला काही उरत नाही, आणि खरी गंमत जोडण्यात आहे. म्हणून आपण मोंढ्यातली पट्टी करू. तूर नेली, वजन झालं, भाव लागला, पोत्यामागे हमाली कापली, हाती किती आले? आकडे मनाचे आहेत. लातूरच्या आजच्या भावाशी ताडून मला फोन करू नका.

पहिली फाइल, हिशोब.एच. यात एकच ओळ:

डबल निव्वळ(डबल क्विंटल, डबल भाव, इंट पोती);

दुसरी, हिशोब.सी:

#इन्क्लूड "हिशोब.एच"
#डिफाइन हमाली १२.०
डबल निव्वळ(डबल क्विंटल, डबल भाव, इंट पोती) {
    रिटर्न क्विंटल * भाव - पोती * हमाली;
}

तिसरी, मेन.सी:

#इन्क्लूड <एसटीडीआयओ.एच>
#इन्क्लूड "हिशोब.एच"
इंट मेन(व्हॉइड) {
    प्रिंटएफ("हाती आले %.२एफ\एन", निव्वळ(४.५, ७०००, ९));
    रिटर्न ०;
}

नऊ पोती, साडेचार क्विंटल, सात हजार भाव. ३१,५०० मधून हमालीचे १०८ गेले, उरले ३१,३९२. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो बिघडवायचा आहे.

प्रीप्रोसेसर: कात्री आणि डिंक

याला सी भाषा कळत नाही. पाउंडच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी तेवढ्या याच्या. इन्क्लूड दिसलं की ती फाइल उघडून आहे तशी इथे चिकटवायची. डिफाइन दिसलं की पुढे जिथे तो शब्द येईल तिथे किंमत टाकायची. कॉमेंट काढून टाकायच्या. एवढंच.

डोळ्याने बघायचं तर, मोठं ई वापरून:

जीसीसी -ई मेन.सी -ओ मेन.आय

मेन.आय उघडा. तुमच्या सहा-सात ओळींच्या फायलीच्या शेकडो ओळी झालेल्या दिसतील. सगळ्या एसटीडीआयओ.एच मधून आणि तिने पुढे ओढून आणलेल्या फायलींतून आलेल्या. तुमचा मेन अगदी तळाशी सापडेल. हेच हिशोब.सी वर केलंत तर हमाली हा शब्द गायब आणि त्याच्या जागी १२.० दिसेल. म्हणून मॅक्रोच्या, म्हणजे डिफाइनने ठेवलेल्या, नावाने पुढच्या टप्प्यांवर सहसा काही सापडत नाही. ते नाव तिथवर पोचलेलंच नसतं.

कोनी कंस आणि अवतरणचिन्हं यांत फरक एवढाच की अवतरणात लिहिलेली फाइल आधी तुमच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधली जाते आणि नंतर सिस्टिमच्या जागी. कोनी कंसातली थेट सिस्टिमच्या जागी.

याची तक्रार एका साच्याची: 'फेटल एरर', पुढे फायलीचं नाव, पुढे 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. अर्थ साधा आहे, चिकटवायची फाइल सापडली नाही. नाव चुकलं असेल, नाहीतर फोल्डर दाखवायचा राहिला असेल. फोल्डर दाखवायला मोठ्या आय चा ऑप्शन असतो. दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिल्ड करताना ही एरर आली, तर बहुतेक वेळा एखाद्या लायब्ररीचं 'डेव्ह' पॅकेज टाकायचं राहिलेलं असतं. त्याकडे पुढे येऊ.

कंपायलर: इथे खरी शिकवणी चालते

आता चिकटवलेला मजकूर कंपायलरकडे येतो. हा वाचतो, व्याकरण तपासतो, प्रकार जुळतात का बघतो आणि असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांच्या वाचता येणाऱ्या रूपात, उतरवतो. मोठा एस:

जीसीसी -एस मेन.सी

मेन.एस तयार होते. ती समजलीच पाहिजे असं नाही, पण एकदा चाळा. त्यात 'कॉल' आणि पुढे निव्वळ हे नाव दिसेल. निव्वळचा कोड मात्र कुठेही नाही. कंपायलरने हिशोब.सी बघितलेलीच नाही. तो एका वेळी एकच .सी फाइल बघतो आणि संपल्यावर विसरून जातो.

मग निव्वळला काय द्यायचं आणि त्याच्याकडून काय परत येणार, हे त्याला कळलं कसं? हिशोब.एच मधल्या त्या एका ओळीवरून. हेडर म्हणजे चिठ्ठी आहे, माल नाही. 'निव्वळ नावाचा कुणीतरी आहे, तो दोन डबल आणि एक इंट घेतो, एक डबल देतो.' या चिठ्ठीच्या जोरावर कंपायलर तुमच्या ७००० या पूर्णांकाचा मुकाट्याने डबल करून पाठवतो.

आता मेन.सी मधली दुसरी इन्क्लूडची ओळ काढून बघा. जीसीसी १४ किंवा पुढचा असेल तर 'इम्प्लिसिट डिक्लरेशन' म्हणून तो तिथेच थांबवेल. त्याआधीचे जीसीसी नुसती वॉर्निंग देऊन पुढे जात. जुन्या सी चा नियम असा होता की चिठ्ठी नसेल तर फंक्शन इंटच परत देतं असं धरून चालायचं. मग ७००० पूर्णांक म्हणून एका खान्यात जातो, निव्वळ भाव दुसऱ्याच खान्यात शोधतो, आणि ३१,३९२ च्या जागी भलताच आकडा छापला जातो. प्रोग्राम कोसळत नाही, नीट चालतो आणि खोटं बोलतो. कोसळणारा प्रोग्राम परवडला.

म्हणून -डब्ल्यूऑल हा ऑप्शन, त्यात डब्ल्यू मोठा, पहिल्या दिवसापासून लावायचा. 'वॉर्निंग आहे, एरर नाही, चालतंय की' हे वाक्य मी स्वतः खूप वर्षं बोललो आहे.

कंपायलरची तक्रार ओळखायला सगळ्यात सोपी. फायलीचं नाव, मग ओळ क्रमांक, मग त्या ओळीतलं कितवं अक्षर, मग 'एरर'. पण ओळ क्रमांकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सातव्या ओळीच्या शेवटी सेमीकोलन राहिला तर तक्रार पुष्कळदा आठव्या ओळीवर येते, कारण आठवी वाचेपर्यंत काही चुकलंय हे कळलेलंच नसतं. दुसरं म्हणजे कायम पहिली एरर बघा. एक कंस सुटला की चाळीस एरर येतात, त्यातल्या एकोणचाळीस त्याच कंसाची पिल्लं. टर्मिनलमध्ये वर स्क्रोल करा. भाच्याला मी इथेच पहिला दम दिला: फोटो पाठवायचा तर पहिल्या एररचा पाठव.

थोडं अवांतर, पण आपल्या लिपीचं आहे. प्रिंटएफमध्ये तुम्ही 'हाती आले' खरंच देवनागरीत लिहिलंत, तर मेन.एस मध्ये ते अक्षर म्हणून दिसणार नाही. 'ह'च्या जागी \३४०\२४४\२७१ असे तीन आकडे दिसतील. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं धरतात. म्हणून 'नमस्कार'ची लांबी एसटीआरलेनला विचारली तर तो २१ सांगतो. बरोबरच सांगतो, तो बाइट मोजतो.

असेंबलरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो असेंब्लीचं मशीन कोडमध्ये रूपांतर करतो आणि .ओ फाइल देतो. त्याच्याशी नवशिक्याचं भांडण जवळजवळ कधीच होत नाही. रोजच्या कामात आपण .सी पासून .ओ पर्यंतचे तिन्ही टप्पे एकदम करतो, छोट्या सी ने:

जीसीसी -डब्ल्यूऑल -सी मेन.सी
जीसीसी -डब्ल्यूऑल -सी हिशोब.सी

लिंकर: मुनीमजी

आता दोन .ओ फायली आहेत. दोन्ही अर्धवट. प्रत्येकीजवळ एक वही आहे, जिच्यात तिचं देणं आणि येणं लिहिलेलं असतं. ही वही उघडून दाखवणारी एनएम नावाची कमांड आहे आणि ती कॉलेजात कुणी दाखवत का नाही हे मला कोडं आहे.

एनएम मेन.ओ

तीन नावं दिसतील. मेनच्या पुढे मोठा टी, निव्वळच्या पुढे मोठा यू आणि प्रिंटएफच्या पुढेही यू. टी म्हणजे हा माल माझ्याकडे आहे. यू म्हणजे हा मला हवाय, माझ्याकडे नाही. आता एनएम हिशोब.ओ करा. तिथे निव्वळच्या पुढे टी आहे.

लिंकरचं काम एवढंच: सगळ्या वह्या समोर घ्यायच्या आणि प्रत्येक यू ला कुठेतरी टी सापडतो का ते बघायचं. सापडला की पत्ता भरायचा. सगळं जुळलं की एक पूर्ण फाइल:

जीसीसी मेन.ओ हिशोब.ओ -ओ पट्टी
./पट्टी

पुढचा टिंब आणि तिरपी रेघ का? कारण लिनक्स कमांड ठरावीक जागी शोधतो आणि तुम्ही उभे आहात तो फोल्डर त्या यादीत नसतो. 'इथलीच' असं सांगावं लागतं.

आता हिशोब.ओ न देता तीच कमांड द्या. भाच्याच्या फोटोतली ओळ इथेही शेवटी येते (तिच्यातला एलडी म्हणजे हाच लिंकर), आणि तिच्या वर, फोटोत न आलेली, ही:

अनडिफाइन्ड रेफरन्स टू निव्वळ

म्हणजे निव्वळ नावाने येणं लिहिलंय, पण एकाही वहीत त्याचं देणं नाही. इथे सेमीकोलन तपासून उपयोग नाही, हेडर परत इन्क्लूड करूनही नाही. हेडर ही चिठ्ठी आहे आणि चिठ्ठ्या दहा दिल्या तरी माल येत नाही. विचारायचे प्रश्न तीन. त्या फंक्शनचा कोड असलेली फाइल जोडायला दिली का? नावाचं स्पेलिंग दोन्हीकडे एकच आहे का? ते एखाद्या लायब्ररीतलं असेल तर ती लायब्ररी सांगितली का?

तिसऱ्याचं नेहमीचं उदाहरण गणिताचं. हिशोब जवळच्या रुपयात करायला राउंड वापरलंत, मॅथ.एच इन्क्लूड केलीत, कंपायलर खूश. लिंकर म्हणतो, राउंड कुठाय? सी ची गणिताची लायब्ररी लिनक्सवर वेगळी ठेवलेली असते आणि ती -एलएम असं लिहून मागावी लागते. तेही कमांडच्या शेवटी, .ओ फायलींच्या नंतर. मुनीमजी डावीकडून उजवीकडे वाचत जातात, आणि ज्याची गरज अजून कुणी लिहिलेली नाही अशी लायब्ररी बाजूला सारून पुढे जातात.

उलटी तक्रारही असते, 'मल्टिपल डेफिनिशन'. एकाच नावाचा माल दोघांच्या वहीत. हेडरमध्ये चिठ्ठीऐवजी अख्खं फंक्शनच लिहून ठेवलं आणि ते हेडर दोन .सी फायलींनी चिकटवलं, की हे होणारच.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. सी मध्ये लिंकर फक्त नाव बघतो, प्रकार बघत नाही. तुम्ही निव्वळला चौथा आकडा जोडलात, समजा तोलाई, हिशोब.सी पुन्हा कंपाइल केली आणि मेन.ओ जुनीच ठेवली, तर जुनी मेन तीनच आकडे पाठवते, नवा निव्वळ चार घेतो आणि लिंकर हसतमुखाने जोडून देतो. सी++ मध्ये हे बहुतेक वेळा पकडलं जातं, कारण तिथे कंपायलर फंक्शनच्या नावातच प्रकार गुंफतो. नाव बदललं की जुळत नाही आणि अनडिफाइन्ड रेफरन्स येतो. सी मध्ये ही राखण तुम्हालाच करायची आहे. किंवा मुकादम ठेवायचा.

मेक: मुकादम

मेक १९७६ साली बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. त्यामागची गोष्ट मला फार जवळची वाटते. याक हे कंपायलर लिहायला मदत करणारं साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एक दिवस चिडून त्यांच्या खोलीत आले. अख्खी सकाळ त्यांनी बरोबर असलेल्या प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली होती. चूक आधीच दुरुस्त झालेली होती, ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती. म्हणजे आपला जुन्या मेन.ओ चा घोळ मोठमोठ्यांनीही घातलेला आहे.

मेकफाइल नावाची फाइल करा, पहिला एम मोठा:

पट्टी: मेन.ओ हिशोब.ओ
	जीसीसी मेन.ओ हिशोब.ओ -ओ पट्टी
मेन.ओ: मेन.सी हिशोब.एच
	जीसीसी -डब्ल्यूऑल -सी मेन.सी
हिशोब.ओ: हिशोब.सी हिशोब.एच
	जीसीसी -डब्ल्यूऑल -सी हिशोब.सी
क्लीन:
	आरएम -एफ *.ओ पट्टी

कोलनच्या डावीकडे जे करायचंय ते, उजवीकडे ते कशावर अवलंबून आहे ते. खालच्या ओळीत कमांड, आणि त्या ओळीची सुरुवात टॅबनेच. आठ स्पेस दिल्यात तर दिसायला तसंच दिसेल आणि मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबेल. फेल्डमन यांना हा टॅबचा त्रास लवकरच लक्षात आला होता. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते आणि त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांपायी आपण पन्नास वर्षं टॅब देतोय.

आता नुसतं 'मेक' लिहा. तीन कमांड चालतील. पुन्हा लिहा, तो सांगेल सगळं 'अप टू डेट' आहे. हिशोब.सी मध्ये हमाली १५ करून परत मेक करा. दोनच कमांड चालल्या ना? मेन.ओ ला हात लागला नाही. हे त्याला कसं कळलं? तो फायलींच्या आत बघतच नाही. तो फायलींच्या वेळा बघतो. उजवीकडची फाइल डावीकडच्यापेक्षा नवी असेल तरच पुन्हा काम.

ही अक्कल साधी आहे आणि म्हणूनच फसते. माझ्यावर बेतलेली सांगतो. औसा तालुक्यात आमच्या गावच्या घरी एक जुना डेस्कटॉप होता, मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल मेलेला. नेट नव्हतं. सकाळी मी घड्याळ हाताने नीट लावून बिल्ड केलं. अकराला लोडशेडिंग. तीनला लाइट आली, मशीन चालू केलं, तर घड्याळ थेट काही वर्षं मागे गेलेलं. मला त्याचं भान नव्हतं. मी हिशोबाची फाइल दुरुस्त केली, सेव्ह केली, मेक केलं. 'अप टू डेट'. पुन्हा दुरुस्त, पुन्हा तेच. सेव्ह केलेल्या फायलीवर जुन्या सालाचा शिक्का, सकाळच्या .ओ फायलीवर आजचा. मेकच्या हिशोबाने सोर्स जुना, .ओ नवी, म्हणजे करण्यासारखं काही नाही. 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी वॉर्निंगही तो इमानदारीत देत होता. मी वाचली नाही. संध्याकाळ झाली, वडिलांनी विचारलं काय करायलास तेव्हापासून, मी म्हटलं दुरुस्ती. सेल लातूरला किरकोळ पैशांत मिळाला.

बिल्ड विचित्र वागायला लागलं, बदल केलेला दिसेनासा झाला, तर आधी 'मेक क्लीन' आणि मग 'मेक'. क्लीनने दुखणं गेलं तर समजा की उजवीकडच्या यादीत काहीतरी लिहायचं राहिलंय, बहुधा एखादं हेडर. फायली वाढल्या की ही यादी हाताने सांभाळता येत नाही. जीसीसीचा -एमएमडी हा ऑप्शन, तिन्ही अक्षरं मोठी, ती यादी .डी फायलींत लिहून देतो. मेकफाइलमध्ये त्या इन्क्लूड करायच्या.

दुसऱ्याचं सॉफ्टवेअर बिल्ड करताना

सोर्स कोडची गाठोडी उतरवून घेतली की तिच्यात रीडमी किंवा इन्स्टॉल नावाची फाइल असते. ती वाचा. हा सल्ला कंटाळवाणा आहे, मान्य, पण निम्मे घोळ तिथेच संपतात. जुन्या पद्धतीच्या प्रकल्पात क्रम असा:

./कॉन्फिगर
मेक
सुडो मेक इन्स्टॉल

कॉन्फिगर काही बनवत नाही. तो घर बघून जातो: कंपायलर आहे का, कुठल्या लायब्ररी आहेत, कुठल्या नाहीत. त्यावरून मेकफाइल लिहितो. सीमेकवाल्या प्रकल्पात तेच काम 'सीमेक -बी बिल्ड', यात बी मोठा, आणि मग 'सीमेक --बिल्ड बिल्ड' असं होतं. दोन्हीकडे 'अमुक सापडलं नाही' म्हणून अडलं, तर त्या नावाचं डेव्ह पॅकेज शोधा. झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) तुमच्या मशीनवर आहेच, तरी बिल्डला ती सापडत नाही असं का? चालवण्यापुरती लायब्ररी आहे, हेडर नाहीत. उबुंटूत ती झेडलिब१जी-डेव्ह या वेगळ्या पॅकेजात असतात. माल गोदामात, चिठ्ठी नाही.

मेक इन्स्टॉल सांगितलं नाही तर सहसा यूएसआर/लोकल मध्ये नेऊन टाकतो. करून बघण्यापुरतंच असेल तर कॉन्फिगरला --प्रिफिक्स देऊन स्वतःच्या होम फोल्डरमध्ये टाका. सुडो लागत नाही, आणि नको झालं तर फोल्डर उडवला की संपलं.

मोठा प्रकल्प असेल तर 'मेक -जे४' म्हणजे चार कामं एकदम. पण ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सी++ चा अवजड प्रकल्प -जे८ ने लावलात तर मशीन गोठेल. दोनवर ठेवा. आणि जे च्या पुढे आकडा लिहायला विसरू नका, नाहीतर मेक मर्यादाच ठेवत नाही.

जावा, पायथनवाल्यांचं काय? तिथेही टप्पे आहेत, जागा वेगळ्या आहेत. जावासी .क्लास फायली करतो आणि जोडण्याचं काम प्रोग्राम चालताना जेव्हीएम करतं. पायथन बाइटकोड करून पायकॅशे नावाच्या फोल्डरात ठेवतो. अँड्रॉइडला ग्रेडल असतो. पहिल्या बिल्डला तो एवढं काही डाउनलोड करतो की दिवसाचा डेटा संपतो, तेव्हा ते कॉलेजच्या वायफायवर उरका.

आता मुद्दाम मोडा

भाच्याला मी दुरुस्त करायला लावलंच नाही, मोडायला लावलं. तुम्हीही करा. प्रत्येक वेळी आधी कागदावर लिहा, आता कोण बोलेल, आणि मगच एंटर दाबा.

मेन.सी मध्ये हिशोब.एच चं नाव हिशेब.एच करा. मग ते नीट करून रिटर्नच्या पुढचा सेमीकोलन काढा. मग तोही परत देऊन हिशोब.सी मधल्या फंक्शनचं नाव निव्वल करा, पण हेडर तसंच ठेवा. हे तिसरं गमतीचं आहे: -सी ने दोन्ही फायली बिनतक्रार कंपाइल होतात आणि बोंब शेवटी उठते.

पाचवा राहिला, लोडर. नाव निव्वळ करा आणि हिशोबाची स्वतंत्र लायब्ररी बनवा. एफपीआयसी मध्ये पीआयसी मोठी:

जीसीसी -शेअर्ड -एफपीआयसी हिशोब.सी -ओ लिबहिशोब.एसओ
जीसीसी मेन.सी -एल. -एलहिशोब -ओ पट्टी

दुसऱ्या ओळीतला पहिला एल मोठा आणि त्याच्यापुढे टिंब, दुसरा एल छोटा. बिल्ड स्वच्छ होईल. एकही वॉर्निंग नाही. आता ./पट्टी चालवा. तो म्हणेल 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज', लिबहिशोब.एसओ उघडता आली नाही. बिल्ड करताना लिंकरला तुम्ही 'इथे बघ' म्हणून सांगितलं होतं, चालवताना लोडरला कुणीच सांगितलेलं नाही. 'एलडीडी पट्टी' केलंत तर लिबहिशोबपुढे 'नॉट फाउंड' लिहिलेलं दिसेल आणि लिबसी (सी ची मूळ लायब्ररी) मात्र पत्त्यासह.

एलडी_लायब्ररी_पाथ=. ./पट्टी

इथे डावीकडची सगळी अक्षरं मोठी. हाती आले ३१,३९२, किंवा हमाली अजून १५ वरच असेल तर ३१,३६५.